बांधी विकू नको, आधी पेटी उघड

पत्र: ताई, नमस्कार. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय २१, बी.ए. शेवटचं वर्ष, विषय मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. आमच्या बाबांची बँड पार्टी आहे. मी आठवीपासून त्यात आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत नाटकवाल्यांसोबतही बसतो. दोन वर्षांआधी मोबाइलवर जॅझ ऐकला अन् डोकंच फिरलं. आता मला विद्यापीठात जॅझ शिकून पुढे जॅझ शिकवणारा मास्तर व्हायचं आहे. बाबा म्हणतात पोलीस भरतीचं बघ. मामा म्हणतात, अमेरिकेलेच जायचं असंल तर दोन एकर बांधी विकून टाका, पोरगं एकच हाय. मला नोटेशन वाचता येत नाही, सारेगमवर वाजवतो. २१ म्हणजे उशीर झाला का? वरातीत वाजवणाऱ्याला उद्या कोणी मास्तर म्हणेल का? आणि वरातीत जॅझ वाजवला तर चालेल का? सोबत व्हिडिओ पाठवत आहे. – एक बँडवाला

उत्तर:

बाबू, पत्र आणि व्हिडिओ दोन्ही मिळाले. तुझ्या सगळ्या प्रश्नांत तातडीचा एकच, बांधीचा. बाकीच्यांत थोडं इकडेतिकडे झालं तर सावरता येईल, धानाची विकलेली जमीन कोणी परत देत नाही. म्हणून त्याचंच आधी बोलू.

मामांना हा हिशेब दाखव. बोस्टनच्या बर्कली कॉलेजचं नाव तू ऐकलंच असशील. तिथली एका वर्षाची नुसती शिकवणीची फी ४५,००० डॉलरच्या वर आहे, म्हणजे आपले ४० लाखांच्या घरात, आणि पदवीची वर्षं साधारण चार. राहणं, जेवण, विमा, विमानाचं तिकीट वेगळं. वाजवण्याच्या चाचणीवर शिष्यवृत्त्या मिळतात, पण सगळा खर्च उचलणारी क्वचित कोणाला लाभते. दोन एकरांत पहिलं वर्ष निघालं असं धरू. दुसऱ्या वर्षी काय विकायचं?

बरं, ते पैसे परत कसे येणार, हेही मामांना विचार. अमेरिकेत सरकारी शाळेत संगीत शिकवायचं तर ‘संगीत शिक्षण’ या विषयाची पदवी लागते, तिच्यात काही महिने शाळेत प्रत्यक्ष शिकवावं लागतं, आणि मग त्या त्या राज्याचा परवाना मिळतो. त्या पदवीत जॅझचे एक-दोनच विषय असतात. ‘जॅझ स्टडीज’ नावाची पदवी वेगळी, तिच्यात वादनावर भर. विद्यापीठात कायम नोकरी हवी तर त्यावर पदव्युत्तर पदवी, आणि आता बऱ्याच ठिकाणी डॉक्टरेट. एवढं सगळं करून तू परत आलास, तर तिथला परवाना इथल्या शाळेत कोणी मागत नाही. तेव्हा घरात अमेरिकेचा विषय निघाला की सातबारा कपाटातच राहू दे.

आता इथलं खरं चित्र. आपल्याकडच्या सरकारी विद्यापीठांत जॅझच्या प्राध्यापकाची जागा जवळजवळ नाहीच. कॉलेजात संगीत शिकवायला एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटचा संगीत विषय हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत आणि तालवाद्यांभोवती फिरतो. सॅक्सोफोनवर कितीही सुंदर जॅझ वाजवलास तरी त्या पेपरात त्याचा एक गुण नाही. जॅझ शिकवणाऱ्याला काम मिळतं ते मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्लीतल्या खासगी अकादम्यांत, आंतरराष्ट्रीय शाळांत आणि घरोघरच्या शिकवण्यांत. त्यांतली बरीच कंत्राटी असतात. हॉटेलातले आणि स्टुडिओतले कार्यक्रम जोडीला धरले की मग महिना भागतो. हे ऐकून उत्साह गेला तर पोलीस भरतीत वाईट काहीच नाही, पोलिसांचाही बँड असतो. नाही गेला, तर पुढचं वाच.

देशातच जॅझच्या अंगाने शिकवणाऱ्या जागा गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिल्या. चेन्नईत ए. आर. रहमान यांची के. एम. म्युझिक कॉन्झर्वेटरी २००८ मध्ये सुरू झाली. मुंबईत ट्रू स्कूल ऑफ म्युझिक २०१३ मध्ये आली. दिल्लीकडे ग्लोबल म्युझिक इन्स्टिट्यूट आहे, ती जॅझ वाजवणाऱ्यांनीच काढली. कुठेही फोन करशील तेव्हा पहिला प्रश्न फीचा विचारू नको. पदवी देतं कोण, ते विचार. हातात येणारा कागद डिप्लोमा आहे की यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) मान्य असलेल्या विद्यापीठाची पदवी? डिप्लोमानेही वादन उत्तम सुधारेल, पण पुढे सरकारी नोकरीच्या अर्जात पदवीच्या रकान्यात तो बसत नाही. दुसरा प्रश्न, सॅक्सोफोन शिकवणारा माणूस कायम तिथे असतो की महिन्यातून एकदा येतो? गिटार, ड्रम आणि पियानोचे शिक्षक सगळीकडे भेटतात, फुंकवाद्याचे कमी.

परदेशीच जायचं झालं तर मी जर्मनीकडे बघायला सांगेन. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत शिकवणीची फी बहुतेक राज्यांत जवळपास नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं. जॅझ वादनासोबत वाद्य शिकवण्याचं शास्त्रही पदवीत घेता येतं, आणि गावोगावच्या संगीतशाळांत त्या पदवीला किंमत आहे. जाता जाता सांगते, कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, जॅझचा वर्ग पहिल्यांदा निघाला तोही जर्मनीतच, फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्वेटरीत, १९२८ मध्ये. नाझी सत्तेवर आले आणि १९३३ मध्ये तो बंद पडला. अमेरिकेत पहिली पदवी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९४७ साली टेक्सासमधल्या डेंटनच्या कॉलेजात सुरू झाली, तीही ‘डान्स बँड’ या नावाखाली, कारण जॅझ हा शब्द कॉलेजच्या कागदावर लिहायची लाज वाटत होती.

पण जर्मनी फुकट नाही. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो खात्यात आधी दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. जर्मन भाषा लागते. आणि प्रवेश परीक्षा कडक असते. आपलं वाद्य तर वाजवायचंच, शिवाय लेखी सिद्धांत, कानाची परीक्षा, आणि बहुतेक ठिकाणी थोडा पियानो. काही ठिकाणी वयाचीही अट आहे, ती अर्जाआधी बघून घे. राज्य सरकारच्या परदेश शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी अशा वेगवेगळ्या प्रवर्गांसाठी आहेत. त्यातली राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती तू पात्र असशील तर जरूर बघ, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे आणि जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांपुरती आहे. नुसत्या संगीताच्या कॉन्झर्वेटरी त्या यादीत सहसा सापडत नाहीत.

म्हणजे आज, या घडीला, तू कुठेच अर्ज करू नये असं माझं मत आहे. कारण पैसा नव्हे, कारण तुझा व्हिडिओ. तीनदा ऐकला. फुंक भरदार आहे, सूर लांब धरतोस, तो हलत नाही. रस्त्यावर चालत, डीजेच्या आवाजाशी झुंजत वाजवणाऱ्यालाच असा दम येतो, कॉलेजातल्या पोरांना तो मिळवायला वर्षं लागतात. पण ‘सोलो’ म्हणून जे वाजवलंस ते मूळ गाण्याचीच चाल आहे, तिला चार मुरक्या आणि दोन ताना जोडलेल्या. खालचे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांचे गट, बदलत होते आणि तुझं बोट त्यांना विचारत नव्हतं. आपल्या संगीतात एक सा धरला की तो शेवटपर्यंत हलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही सवयच नसते. जॅझची चाचणी घेणारा पहिल्या मिनिटात हेच ऐकतो.

त्यावरचा इलाज तुमच्या नाटकवाल्यांच्या स्टेजखालीच आहे. ऑर्गन. नाहीतर भजनी मंडळाची पेटी. रोज तिच्यासमोर बस. पांढरी एकला सा धर आणि हे तीन कॉर्ड दाब: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. जॅझमधली निम्मी गाणी या तीन पायऱ्यांवर चढ-उतार करतात. आता नीट ऐक. पहिल्या कॉर्डमधला सा अर्ध्या सुराने उतरून दुसऱ्यात नी होतो. मग दुसऱ्यातला म अर्ध्या सुराने उतरून तिसऱ्यात ग होतो. एवढे दोनच सूर सॅक्सोफोनवर वाजव, बाकी काही नको, आणि मित्राला पेटीवर कॉर्ड बदलायला सांग. ज्या दिवशी डोळे मिटून तुला कळेल की आता कॉर्ड पलटला, त्या दिवसापासून तुझा सोलो चालीपासून सुटेल. मग हेच बाराही सुरांवरून. कंटाळवाणं काम आहे, मला माहीत आहे.

त्याच्या जोडीला बारा बारचा ब्लूज, म्हणजे जॅझच्या पायाशी असलेली गाण्याची ठरलेली घडण. चार मात्रांचा एक बार, असे बारा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पहिले चार बार सा चा कॉर्ड, पुढचे दोन म चा, दोन सा चा, मग एक प चा, एक म चा, आणि शेवटचे दोन पुन्हा सा चे. आवर्तन संपलं की पुन्हा सुरुवातीला, जसा तबलजी समेवर येतो तसा. नाटकात वर्षानुवर्षं पदांची साथ केली आहेस, आवर्तन मोजायला तुला कोणी शिकवायला नको.

तिसरी गोष्ट ऐकून उतरवण्याची. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याची १९५९ सालची ‘सो व्हॉट’ ही रचना घे, कारण ती आपल्या कानाला सगळ्यात जवळची पडते. पांढरी दोनला सा धरून काफी थाटाचे सूर, १६ बार. मग सा अर्ध्या सुराने चढवून काळी दोनला तोच काफी, आठ बार. परत पांढरी दोन, आठ बार. झाले ३२. तुझ्या आल्टोचा ‘सी’ म्हणजे पेटीची काळी दोन, हे तुला वाजवून माहीत असेल, नावाने नसेल. म्हणजे मधले आठ बार तुझ्या ‘सी’वरून येतात. त्यातला ट्रम्पेटचा सोलो आधी तोंडाने गा, मग वाजव, मग कागदावर लिही.

लिही म्हटलं, कारण नोटेशनशिवाय गत्यंतर नाही. पाच रेघांचं, पाश्चात्त्य. मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद अनेक दशकं गोव्याच्या वादकांनी भरलेले होते, त्याचं एक साधं कारण होतं. गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, लहानपणीच पोरांना नोटेशन वाचायला शिकवत. मुंबईत आल्यावर समोर कागद ठेवला की ते पहिल्या वाचनात वाजवत. दिवसा स्टुडिओत, रात्री हॉटेलात जॅझ. चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला त्यांतलाच, सी. रामचंद्रांच्या १९५१च्या ‘अलबेला’त त्याची साथ आहे. त्या गाण्यांवर तुमच्या वरातीत आजही म्हातारे नाचतात. तेव्हा जॅझशी तुझी ओळख दोन वर्षांची नाही, आठवीपासूनची आहे.

आणि मास्तर व्हायचं तर वाचणं दुप्पट लागतं. विद्यापीठातला जॅझ शिक्षक दिवसभर करतो काय? पोरांना एकेकट्याने वाद्य शिकवतो, कान तयार करून घेतो, इतिहास आणि सिद्धांताचे तास घेतो, आणि बिग बँड उभा करतो. त्यात साधारण पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, वर पियानो, बास, ड्रम, गिटार. प्रत्येकाचा कागद वेगळा, प्रत्येकाच्या वाद्याचा सा वेगळा. तुझ्या बाबांचंही काम हेच आहे, फक्त ते कागदावर नाही, डोक्यात आहे. ते कागदावर आणून बघ. यंदाच्या सीझनमधलं कोणतंही एक गाणं घे आणि तुमच्या बँडच्या क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, युफोनियम अशा प्रत्येकाचा वेगळा भाग नोटेशनमध्ये लिहून काढ. जर्मनीतला असो की मुंबईतला, कुठल्याही परीक्षकाला हे दाखवलंस तर तो खुर्चीत सरसावून बसेल.

परीक्षांचा एक जिना इथे बसून चढता येतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ ग्रेडपर्यंतच्या परीक्षा आहेत, सॅक्सोफोनला त्यात जॅझची वेगळी वाट आहे, आणि आता वाजवल्याचा व्हिडिओ पाठवूनही परीक्षा देता येते. गावातलं नेट चाललं पाहिजे एवढंच. पहिल्या ग्रेडपासून सुरुवात करायची गरज नाही, झेपेल त्या ग्रेडला थेट बस. आठवी ग्रेड झाली की वर एटीसीएल, एलटीसीएल हे डिप्लोमा. फी स्वस्त नाही, म्हणून वाटेल तेव्हा नको, तयारी पक्की झाल्यावरच. एक मात्र सांभाळ. बँडचं वाद्य बहुधा मेरठच्या जाली कोठीतलं, म्हणजे तिथल्या बँडच्या वाद्यांच्या बाजारातलं असेल, वरातीला ते पुरतं. परीक्षेला वरच्या सप्तकात सूर नीट लागणारं वाद्य हवं. नवं घेऊ नको, सेकंड हँड शोध, आणि घेण्याआधी जाणत्या माणसाकडून पॅड तपासून घे.

पोटाची दुसरी तजवीजही समांतर चालू ठेव, आणि यावर मी हटून आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनाच्या परीक्षा दे, विशारदपर्यंत जा. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांखाली संगीत शिकवणारी कॉलेजं आहेत. तुझ्याकडून छत्तीसगडमधलं खैरागडही फार दूर नाही. वडसा ते गोंदिया रेल्वे, गोंदियाहून डोंगरगड, आणि तिथून चाळीसेक किलोमीटर सडक. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय तिथे १९५६ पासून आहे. तुझ्या बी.ए.त संगीत नव्हतं, तेव्हा एम.ए.ला विशारदवर प्रवेश मिळतो का, पदवी नव्याने करावी लागते का, हे प्रत्येक ठिकाणचे नियम वाचून ठरव. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकाच्या जागा निघतात, त्यांना बारावी आणि संगीताची पदवी लागते. ही नोकरी लागली तर संध्याकाळी जॅझ शिकवायला कोण अडवतो? आपलं शास्त्रीय संगीत शिकणं जॅझला आडवंही येत नाही.

याचा पुरावा हवा तर कद्री गोपालनाथ यांना ऐक. मंगळूरकडचे, जन्म १९४९. वडील नादस्वरम वाजवायचे, म्हणजे देवळातल्या आणि लग्नातल्या वाजंत्र्यांचंच घर. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन पाहिला आणि त्या वाद्यावर कर्नाटक संगीत आणलं. पद्मश्री झाले. २००८ साली त्यांच्यासोबत ‘किन्समेन’ हा अल्बम केला तो रुद्रेश महंतप्पा यांनी. आई-वडील भारतीय, स्वतः अमेरिकेत वाढलेले, वाद्य तुझंच, आल्टो. हे महंतप्पा २०१६ पासून प्रिन्स्टन विद्यापीठात जॅझ विभागाचे प्रमुख आहेत. ज्याला विद्यापीठातला जॅझ मास्तर म्हणतात, तो शिकायला लग्नात वाजणाऱ्या संगीताच्या घरी आला होता.

वरातीत वाजवणाऱ्याला मास्तर कोण म्हणेल, या तुझ्या प्रश्नावर मला आणखी थोडं बोलायचं आहे. आपल्याकडे बँडवाल्याला जेवायला शेवटी बसवतात, मांडवाच्या मागे. ‘वाजंत्री’ हा शब्द कसा उच्चारला जातो तेही मी ऐकलं आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ ज्यांनी घडवला ते याच कामाचे लोक होते, मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजवणारे. जाताना संथ, दफन करून परतताना उडती चाल. जॅझचा मोठा वादक लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) शिकला तो मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये. पुढे न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात काळे कलाकार मंचावर असत आणि समोर बसायची परवानगी फक्त गोऱ्यांना होती. मला हे सांगून तुझी समजूत काढायची नाही, इथला अपमान त्याने कमी होत नाही. पण जॅझचा इतिहास शिकवायला उभा राहशील तेव्हा तुला तो पुस्तकातून समजून घ्यावा लागणार नाही, आणि तुझ्या वर्गातल्या मुलांना ते कळेल.

मास्तर म्हणजे विद्यापीठातलाच असंही नाही. शिकागोच्या डुसेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायेट नावाचे बँडमास्तर १९३० च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं शिकवत होते. जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन हे दोन्ही मोठे सॅक्सोफोनवाले त्यांच्या हाताखालून गेले. शाळेचा बँड होता, शिस्त लष्करी होती. तुझ्या तालुक्यात किती शाळांकडे ढोल-ताशाचं पथक आहे आणि शिकवणारा कोणीच नाही, बघ जरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली चार पोरं घेऊन बस. त्यांना बारा बार टाळीवर मोजायला शिकव, पेटीवर तीन कॉर्ड शिकव. शिकवताना अडखळशील तिथे तुझंच कच्चं आहे असं समज. हे दोन सुट्ट्या केलंस तर तुला शिकवायची गोडी खरंच आहे की फक्त वाजवायची, हेही कळेल. दोन्ही चांगल्याच, पण वाटा वेगळ्या आहेत, आणि शिकवण्याच्या पदवीवर चार वर्षं घालण्याआधी ते कळलेलं बरं.

उशीर म्हणशील तर सॅक्सोफोनवाला सोनी रॉलिन्स ऐन नावारूपाला आला असताना, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, १९५९ ते ६१ अशी दोन वर्षं जाहीर कार्यक्रम सोडून बसला आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत राहिला. कारण शेजाऱ्यांना त्रास नको. हाच रॉलिन्स पुढे पवईच्या आश्रमात योग शिकायला येऊन राहिला, आणि १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा वाजवायलाही आला. तुला पूल शोधायला नको, गावाबाहेर बोडीची, म्हणजे तळ्याची, पाळ आहे. रोवणीच्या दिवसांत मात्र घरच्यांना बांधीत मदत कर आणि मग जा, नाहीतर बाबा वाद्यच लपवून ठेवतील.

बाबांशी बोलताना ‘जॅझचा प्राध्यापक’ हा शब्द नको. त्यांना सांग, दोन वर्षं द्या, बँड सोडत नाही, एक रुपया मागत नाही, जमीन विकायची नाही. या दोन वर्षांत नोटेशन वाचता आलं पाहिजे, ट्रिनिटीची पाचवी-सहावी ग्रेड हाती पाहिजे, गांधर्वच्या दोन परीक्षा झाल्या पाहिजेत. झालं तर मुंबई-चेन्नईच्या चाचण्या दे, जर्मन शिकायला लाग. नाही झालं, तर भरतीचं वय बघून ठेवलंयस ना? ती वाट सुटू देऊ नको. बाबांच्या काळजीला अक्कल कमी आहे असं समजू नको, पावसाळ्यात चार महिने रिकामा बँड त्यांनीच चालवला आहे.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, वरातीत जॅझ. चालेल, पण पूर्ण गाणं नको. उडत्या चालीचं गाणं चालू असताना मधल्या म्युझिकची जागा येते ना, तिथे एक आवर्तन घे, बारा बारचं, ड्रमवाल्याला आधी सांगून ठेव की ठेका सोडायचा नाही. आवर्तन संपलं की लगेच मुखड्यावर ये. नवरदेवाचे मित्र नाचत राहिले तर पुढच्या चौकात दोन आवर्तनं घे. थांबून बघायला लागले तर मुखड्यावर परत, आणि त्या रात्री मोबाइलवर ऐकून बघ की ठेका सुटला होता की तू. मात्र नवरदेवाचा मामा शंभराची नोट ओवाळून फर्माईश सांगत असेल, तर आधी त्याची फर्माईश वाजव. आणि पुढचा व्हिडिओ पाठवशील तो वरातीतलाच पाठव, खोलीतला नको.